कॅमेऱ्यामागची नोंदवही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना आळा घालण्यासाठी लंडनप्रमाणे नाक्यानाक्यावर कॅमेरे बसवावेत, अशी सूचना आपल्या वाचकपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. मुंबईच्या हवेसंबंधीच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समितीही नेमली. तेव्हापासून या सूचनेला जोर आलेला दिसतो. मी बऱ्याच वर्षांपासून लंडनच्या हॅरो भागात राहतो आणि जिच्यासाठी या योजनेत पैसे भरावे लागत अशी एक जुनी डिझेल गाडी मी स्वतः चालवली आहे. त्या अनुभवावरून चार शब्द लिहावेसे वाटले.

येथील योजनेचे नाव 'अल्ट्रा लो एमिशन झोन', बोलण्यात नुसते 'यूलेझ'. ती ८ एप्रिल २०१९ रोजी मध्य लंडनपुरती सुरू झाली, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी शहराच्या आतल्या भागाला वळसा घालणाऱ्या उत्तर आणि दक्षिण सर्क्युलर रस्त्यांपर्यंत पसरली आणि २९ ऑगस्ट २०२३पासून तिने सारे लंडन व्यापले. धुराच्या युरोपीय मानकांप्रमाणे पेट्रोल गाडी किमान 'युरो ४' आणि डिझेल गाडी 'युरो ६' दर्जाची हवी, म्हणजे ढोबळमानाने पेट्रोल गाडी २००६पासूनची आणि डिझेल गाडी २०१५च्या सप्टेंबरनंतरची असली पाहिजे. नसेल तर ज्या दिवशी ती रस्त्यावर धावेल त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरायचे. नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास हा नियम लागू असतो. गाडी नुसती उभी असेल तर काही द्यावे लागत नाही.

आपल्याकडे अनेकांची अशी समजूत दिसते की कॅमेरा गाडीचा धूर तपासतो. तसे काहीच नसते. रस्त्याकडेच्या खांबावरचा तो कॅमेरा फक्त नंबर प्लेट वाचतो, रात्री अवरक्त किरणांच्या मदतीने वाचतो, आणि वाचलेला नंबर ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिला जातो. गाडी कोणत्या साली नोंदली, इंधन कोणते, दर्जा कोणता, हे सारे त्या नोंदीत असते. नोंदीप्रमाणे गाडी नियमात बसत असेल तर विषय तिथेच संपतो. बसत नसेल आणि प्रवासानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर नोंदीतल्या मालकाच्या नोंदीतल्या पत्त्यावर १८० पौंडांच्या दंडाची नोटीस जाते. चौदा दिवसांत भरणाऱ्याला निम्मी रक्कम पुरते. उत्तम राखलेली, धूर न सोडणारी २०१३ची डिझेल गाडी असो की खडखडाट करत जाणारी त्याच सालची दुसरी, कॅमेऱ्याला दोन्ही सारख्याच. गाडीचे गुणदोष त्याला नोंदवहीतून कळतात. म्हणून अख्ख्या योजनेचा जीव त्या नोंदवहीत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही नोंदवही येथेही निर्दोष नाही. २००६ पूर्वीच्या काही पेट्रोल गाड्या प्रत्यक्षात मर्यादेत बसतात, म्हणजे किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडत नाहीत. पण नोंदीत तो आकडाच नसल्याने मालकाला कंपनीकडून दाखला मिळवून सादर करावा लागतो. दुसऱ्याच्या गाडीचा नंबर आपल्या गाडीवर चढवून फिरणारे महाभाग इथेही आहेत, आणि मग जी गाडी घराबाहेर पडलीच नाही तिच्या मालकाला नोटीस येते. तरीही त्याला दाद मागण्याची वाट ठरलेली असते: आधी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या शहराच्या वाहतूक संस्थेकडे लेखी हरकत, ती फेटाळली गेली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील. नोटिशीसोबत गाडीचे छायाचित्र, दिवस, वेळ आणि ठिकाण दिलेले असते. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, त्यांची उद्घाटने होत नाहीत. पण लोकांनी कॅमेऱ्याचा शब्द निमूटपणे मानावा असे वाटत असेल तर त्याची मुळे इथे आहेत.

माझ्या स्वतःच्या दोन आठवणी सांगतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल येथे आहे. २०२१ ते २०२३ या काळात यूलेझची हद्द उत्तर सर्क्युलर रस्ता ही होती. आमचे हॅरो त्या रस्त्याच्या बाहेर आणि मंडळ आत. त्यामुळे २०२२च्या गणपतीत मंडळात जायचे तर माझ्या गाडीला साडेबारा पौंड पडणार होते. आम्ही गाडी वेम्बली पार्कजवळ एका स्नेह्याच्या दारात लावली आणि मोदकांचा डबा मांडीवर घेऊन ज्युबिली लाइनच्या मेट्रोने दोन स्थानके गेलो. सौभाग्यवती वाटभर डबा तिरपा होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि समोरचा इंग्रज म्हातारा वाफेने ओल्या झालेल्या त्या फडक्याकडे कुतूहलाने बघत होता. त्या वेळी मी या योजनेला यथेच्छ नावे ठेवली, हे कबूल करतो. मात्र डबा सुखरूप पोचला, वाहनतळ शोधत फिरावे लागले नाही, आणि पुढच्या वर्षी तर आम्ही गाडीचा विचारही केला नाही. योजनेचा उद्देश नेमका हाच होता, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

दुसरी आठवण २०२३च्या शरद ऋतूतली. हद्द वाढून आमचे घर आणि हीथ्रो विमानतळ दोन्ही आत आले होते. मुंबईहून येणाऱ्या मेहुण्यांना आणायला मी रात्री अकरा वाजता निघालो, विमानाला उशीर झाला होता, सामान यायला आणखी वेळ लागला, आणि परतायला एक वाजला. दुसऱ्या दिवशी पैसे भरायला बसलो तेव्हा समजले की आकारणीचा दिवस मध्यरात्री बदलतो. माझी खेप एकच, पण दिवस दोन, म्हणून पंचवीस पौंड. मला ते एकदा पडले, त्याची तक्रार नाही. परंतु रात्रपाळीची परिचारिका किंवा वृद्धांची शुश्रूषा करणारी बाई जुन्या गाडीने रात्री नऊला कामावर जाते आणि सकाळी आठला परतते, तेव्हा तिला प्रत्येक पाळीमागे दुप्पट भुर्दंड बसतो. आकारणीचा दिवस पहाटे तीन-चारला बदलला असता तर त्यांतल्या पुष्कळ जणींचे नाही तरी माझ्यासारख्यांचे आणि हॉटेलांत उशिरापर्यंत राबणाऱ्यांचे भागले असते. नियम करणाऱ्याला मध्यरात्र सोयीची वाटते, कारण तो त्या वेळी झोपलेला असतो.

लंडनमध्ये या योजनेला फारसा विरोध झाला नाही, असे कोणी समजू नये. आमच्या हॅरोसह चार बरो (लंडनमधल्या स्थानिक पालिका) आणि शेजारची सरे परगणा परिषद न्यायालयात गेली होती. २८ जुलै २०२३ रोजी निकाल महापौर सादिक खान यांच्या बाजूने लागला. त्याच्या आठवडाभर आधी अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या मजूर पक्षाची अपेक्षित जागा ४९५ मतांनी हुकली आणि सर्वांनी खापर यूलेझवर फोडले. पुढे काही टोळ्यांनी कॅमेऱ्यांच्या तारा तोडणे, खांब करवतीने कापणे असे उद्योग शेकड्यांनी केले. डिसेंबर २०२३मध्ये सिडकप येथे तर एका कॅमेऱ्यापाशी स्फोट घडवला गेला. या कॅमेऱ्यांची माहिती पोलिसांनाही वापरता येते, यावरही अनेकांचा आक्षेप आहे, आणि तो मला रास्त वाटतो. हवेसाठी बसवलेला डोळा पुढे कशाकशासाठी वापरला जाणार, हे आधी कायद्यात लिहून ठेवायला हवे.

आणि तरीही हवा सुधारली. २०१७ साली लंडनच्या रस्त्यांवरील ३९ टक्के गाड्याच या निकषांत बसत होत्या. सप्टेंबर २०२४मध्ये ते प्रमाण ९६.७ टक्के झाले. रस्त्याकडेच्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड, ही योजना नसती तर जेवढा असता त्यापेक्षा २७ टक्के कमी असल्याचे मार्च २०२५मध्ये जाहीर झालेला अहवाल सांगतो. दक्षिण सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३मध्ये दम्याने गेली आणि डिसेंबर २०२०मध्ये मृत्युविषयक चौकशीत तिच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत असल्याचे अधिकृतपणे नोंदवले गेले. ते वाचल्यावर साडेबारा पौंडांबद्दलची माझी कुरकुर बरीच बोथट झाली. अर्थात गाडी मी सोडली ती केवळ सद्बुद्धीने नव्हे. ती भंगारात देणाऱ्या कोणाही लंडनकराला २,००० पौंड देण्याची सोय ऑगस्ट २०२३मध्ये झाली म्हणून सोडली. आधी ही मदत ठरावीक सरकारी साहाय्य घेणाऱ्यांपुरती होती. आमच्यासारख्या मधल्यांसाठी ती हद्द वाढण्याच्या आठवडाभर आधी खुली झाली, हे उशिरा सुचलेले शहाणपण.

आता आपल्याकडे वळतो. दिल्लीत १ जुलै २०२५पासून पेट्रोल पंपांवरच नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लावून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारायचे ठरले. दोनच दिवसांत खुद्द दिल्ली सरकारनेच, हा आदेश थांबवा, असे पत्र तो काढणाऱ्या केंद्राच्या हवा गुणवत्ता आयोगाला लिहिले. कारणे काय दिली होती? कॅमेऱ्यांच्या जागा चुकल्या, यंत्रे नीट चालत नाहीत, उच्च सुरक्षा नंबर प्लेटांच्या अडचणी आहेत, आणि शेजारच्या राज्यांच्या नोंदी या यंत्रणेला जोडलेल्याच नाहीत. म्हणजे पुन्हा नंबरची पाटी आणि नोंदवही. शिवाय लंडनमध्ये जुन्या गाडीवाल्याला पैसे भरून जाण्याची मुभा आहे. दिल्लीत थेट बंदी होती, त्यामुळे यंत्राची एक चूक म्हणजे चांगली गाडी पंपावरच अडकणार.

महाराष्ट्रात पाटीची कथा काय आहे, ते आपले वाचक माझ्याहून चांगले जाणतात. ४१४१ हा आकडा 'दादा' असा आणि २१४ 'राम' असा वाचता यावा म्हणून अंक वेडेवाकडे रंगवण्याची हौस आपल्याकडे अजून गेलेली नाही. ब्रिटनमध्ये प्लेटवरच्या अक्षरांचा आकार, जाडी आणि मधले अंतर कायद्याने बांधलेले आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट बसवण्याची मुदत आपल्याकडे पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. आणि नोंदवहीचे म्हणाल तर माझ्या दिवंगत वडिलांचीच गोष्ट घ्या. त्यांची स्कूटर आम्ही डोंबिवलीत एका ओळखीच्या मेकॅनिकला विकली, पैसे घेतले, आरसी बुक त्याच्या हातात दिले आणि नाव बदलण्याचे फॉर्म भरायचे राहून गेले. चूक सर्वस्वी आमची. स्कूटर आज कुठे आहे कोण जाणे, पण कागदोपत्री तिचे मालक माझे वडील आहेत आणि त्यांचा पत्ता म्हणजे पुनर्विकासात पाडलेली चाळ. उद्या एखाद्या कॅमेऱ्याने तिला टिपलेच, तर नोटीस कोणाच्या हाती पडणार?

लंडनने आरंभ मोटारींपासून केला नव्हता, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही. २००८ साली येथे पहिले प्रदूषण नियंत्रण क्षेत्र आले ते बारा टनांवरील ट्रकसाठी, आणि तेही अशाच कॅमेऱ्यांच्या साहाय्याने. मोटारींनाही लागू असलेले यूलेझ त्यानंतर अकरा वर्षांनी आले. मुंबईच्या समितीनेही आधी बांधकामाचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर आणि महापालिकेच्या कंत्राटदारांच्या गाड्या एवढ्यांपासून सुरुवात करावी. हे मालक मोजता येण्याजोगे आहेत, त्यांचे परवाने आणि पत्ते सरकारदरबारी आहेत, त्यांची बिलेही तिथूनच निघतात, त्यामुळे दंडाची वसुली अवघड नाही. दरम्यान परिवहन खात्याने नाव आणि पत्ता बदलण्यासाठी एक वर्षाची बिनदंडाची मोहीम काढावी. ती निघाली तर वडिलांच्या स्कूटरचे कागद घेऊन पुढच्या सुट्टीत मी स्वतः कल्याणच्या आरटीओत रांगेला उभा राहीन.

आपला,
एक वाचक
हॅरो, लंडन