मुक्काम लँडिडनोला, किल्ला कॉन्वीला

मँचेस्टर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर चालू आहे.

बाबा, तुम्ही इथे आल्यावर वेल्समधल्या कॉन्वी गावात, तटाच्या आतच उतरायचा तुमचा हट्ट कळतो. कॉन्वीचा किल्ला इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 ते 1287 मध्ये बांधला आणि गावाभोवतीचा सव्वा किलोमीटरचा तट अजून उभा आहे. पण आतल्या राहायच्या जागा म्हणजे बहुतेक जुनी घरं. जिना अरुंद, लिफ्ट नाही, त्यात रिकामी खोली हमखास वरच्या मजल्यावर. आईच्या गुडघ्यांचं काय? म्हणून मुक्काम जवळच्या लँडिडनो गावी. तिथला समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे आणि इथून रेल्वेने जाता येतं. हॉटेलात लिफ्ट आहे एवढ्यावर मी थांबले नाही, दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या तेही विचारलं: दोनच. कॉन्वीला बसने जाऊ. रेल्वे तिथे मागितली तरच थांबते. जाताना गार्डला सांगायचं, येताना एसटीला करतो तसा फलाटावरून हात करायचा.

आई, बाथरूमचं नीट वाच. दिव्याचं बटण आत नसतं, छतावरून दोरी लोंबते. ओला हात विजेच्या बटणाला लागू नये म्हणून. ती ओढून सोडायची, धरून ठेवायची नाही. दुसरी दोरी शॉवरची. ती ओढल्यावर वर लाल ठिपका पेटला तरच शॉवर चालतो, नाहीतर बटणं दाबून उपयोग नाही. अंघोळ झाली की पुन्हा ओढून बंद. पण लालभडक, जमिनीपर्यंत आलेली, त्रिकोणी कड्यांची दोरी दिसली तर हात लावायचा नाही. ती मदतीची घंटा, माणूस धावत येतो. टॉवेल तर तिच्यावर मुळीच टाकू नकोस.

नाश्ता भाड्यातच आहे. शाकाहारी असल्याचं आदल्या रात्री सांगून ठेवू, नाहीतर टोस्टवर भागवावं लागेल. आणि महाग म्हणू नका, शनिवार टाळूनच घेतलंय.

ताईच्या हॉलचा दुसरा हप्ता सोमवारी पाठवते. साखरपुड्याला रजा मिळाली नाही हे खरंच होतं, तिला पुन्हा सांगा. दिवाळीचंही अवघड दिसतंय, पण तुम्हीच येताय ना, मग झालं! माझ्या स्थळाचं इथे आल्यावर बोलू. तोवर पुण्याच्या मुलाचे फोटो नकोत. व्हिसाच्या अर्जात पत्ता माझ्या घराचाही घाला.

तुमची,
मनू