‘कशानं?’चे ‘कशामुळे?’ कोणी केले?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला विनोदी नाटकांवरचा लेख वाचला. संहितेत आता काही राम उरलेला नाही, हशा मिळतो तो नटाच्या चेहऱ्यावर आणि धावपळीवर, असे लेखकाचे म्हणणे. मत ज्याचे त्याचे. पण त्या मताला पुरावा म्हणून जो संवाद दिला आहे तो मोडून छापला आहे, आणि मोडलेल्या संवादाला हसू येत नाही म्हणून दोष नाटककाराच्या माथी मारला आहे. हे सहन होण्यासारखे नाही.

नाटकात साहेबांना भेटायला आलेला माणूस ऑफिसातल्या शिपायाशी बोलतो. तुम्ही छापलेला तो संवाद असा : ‘‘साहेब आहेत का?’’ ‘‘साहेब गेले.’’ ‘‘अरे देवा! कधी?’’ ‘‘पाच मिनिटांपूर्वी.’’ ‘‘कशामुळे?’’ ‘‘स्कूटरवरून घरी गेले.’’ रंगमंचावर शेवट असा आहे : ‘‘कशानं?’’ ‘‘स्कूटरनं.’’

फरक किरकोळ वाटत असेल तर नीट पाहा. ‘गेले’ दोन्हीकडे चालते, ऑफिसातून आणि जगातून. ‘अरे देवा’ने विचारणारा भलत्या वाटेला लागला हे प्रेक्षकाला कळते. ‘पाच मिनिटांपूर्वी’ हे उत्तर दोन्ही अर्थांना खपेल असेच बेतलेले आहे. शिपाई ‘ऑफिस सुटल्यावर’ म्हणाला असता तर बिंग तिथेच फुटले असते. आणि मग ‘कशानं’. मराठीत मरणाचे कारण आणि प्रवासाचे वाहन आपण एकाच तृतीयेत विचारतो. ‘कशानं गेले?’ याला ‘हार्ट अ‍ॅटॅकनं’ हे उत्तर आहे, तसेच ‘रिक्षानं’ हेही आहे. प्रश्न मृत्यूचा, उत्तर वाहनाचे, आणि व्याकरणाला दोन्ही मान्य. ‘कशामुळे’ फक्त कारण विचारते. त्यावर ‘स्कूटरवरून’ म्हणणारा शिपाई नुसता मूर्ख ठरतो, आणि हसायचेच झाले तर लोक त्या शिपायाला हसतात. मूळ संवादात शिपाई एकही शब्द चुकीचा बोलत नाही. हसू आहे ते विचारणाऱ्याच्या घाईवर. एक प्रत्यय बदलला आणि विनोदाचे लक्ष्यच बदलले.

भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांनी विनोदासाठी १९८५ साली घातलेली अट हीच आहे : मजकूर दोन वेगळ्या प्रसंगांना, पूर्ण किंवा अंशतः, लागू पडला पाहिजे आणि ते प्रसंग एकमेकांच्या विरुद्ध असले पाहिजेत. त्यांनी दिलेल्या मूलभूत विरोधांत जीवन-मरण हा आहेच. १९९१ मध्ये भाषाशास्त्रज्ञ साल्व्हातोर अत्तार्दो यांच्याबरोबर त्यांनी विनोदाचे सहा घटक मांडले. त्यांत लक्ष्य आणि भाषा हे दोन स्वतंत्र घटक आहेत. तुमच्या मुद्रितशोधनाने दोन्ही एका फटक्यात बदलले.

‘घरी गेले’ या शेपटाबद्दलही बोलायला हवे. अर्थ उलटवणारा शब्द ‘स्कूटर’. हशा तिथे फुटतो, आणि त्यानंतर बोललेला प्रत्येक शब्द हशाखाली गाडला जातो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून विनोद लिहिणारा ते गाळतो किंवा आधीच उरकतो. हशानंतरच्या वाक्यात कथानकाची माहिती ठेवायची नाही, ती तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही, हेही लिहिणाऱ्यालाच सांभाळावे लागते. नट ‘गेले’वर उसासा टाकतो तेव्हा मात्र प्रसंग पडतो. शिपायाला कसलीच शंका नाही, त्याने ते वाक्य सपाटच म्हटले पाहिजे. इथे चेहऱ्याचे काम चेहरा न करण्याचे आहे.

लेखात सगळ्याच विनोदाला ‘शाब्दिक कोट्या’ म्हटले आहे, तेही चूक. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ५५ मध्ये सांगितलेली कसोटी अजून चालते : शब्द बदलून पाहा. त्याच नाटकात मुलीची आई मध्यस्थाला विचारते, ‘‘मुलगा कसा आहे?’’ तो म्हणतो, ‘‘अक्षर फार सुरेख आहे हो त्याचं.’’ इथे ‘हस्ताक्षर छान आहे’ केले तरी हशा येतो, कारण गंमत न सांगितलेल्या गोष्टीत आहे. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात संभाषणाचे जे संकेत मांडले, त्यांपैकी पुरेशी माहिती देण्याचा संकेत मध्यस्थ उघड मोडतो आणि आई काय ते समजते. हा विनोद शब्द बदलूनही जगतो, स्कूटरचा प्रत्यय बदलताच मरतो. दोन्ही एकाच पोत्यात घालणाऱ्याने संहितेवर निकाल देऊ नये.

पुरुषोत्तम करंडकाच्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी तालमी करणारी मुले हे लेख वाचतात. संवादाला किंमत नाही असे त्यांना सांगितले की ती वाक्य घासायचे सोडून तोंडे वेडीवाकडी करायला लागतात. तुम्ही शुद्धिपत्र छापा, आणि त्यात संवाद चार ओळींत कोंबू नका. प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर द्या.

जाता जाता, त्याच पानावरच्या परीक्षणात नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, रंगभूषाकार सगळ्यांची नावे आहेत. नाटक लिहिणाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नाही. जाहिरातीतही ते निर्मात्याच्या नावाखाली भिंगाने वाचावे लागते. जाहिरात तुमच्या हातात नसेल, परीक्षण तर आहे.

— एक नाट्यप्रेमी वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०