मासळीतल्या किड्यांबद्दल आधी सरकारनेच बोलावं

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

रत्नागिरीत मी मासळी साफ करून घरपोच देते. वाकटीचं पोट फाडलं की कधी कधी आतड्यांवर, काळजावर पांढरे, दोन-अडीच सेंटिमीटरचे किडे दिसतात. घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळं घालून बसलेले. बर्फातून आलेला मासा ओट्यावर जरा ऊबेला आला की त्यातला एखादा वळवळायलाही लागतो. पोटातल्या घाणीबरोबर तो जातो, मासा धुतला जातो, आणि बाजारात गिऱ्हाइकाला कुणी काही सांगत नाही. सांगितलं तर धंदा बसेल ही भीती खोटी नाही.

असा वेटोळ्याचा किडा बहुतेक वेळा ॲनिसाकिसच्या कुळातला. त्याचा शेवटचा मुक्काम देवमासा नाहीतर डॉल्फिनच्या पोटात. त्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून जवळ्यासारख्या बारीक जिवांत, मग ते खाणाऱ्या मासळीत आणि माकुलात. माणूस या साखळीत चुकून सापडतो. जिवंत अळी पोटात गेली तर काही तासांत भयंकर कळा, उलट्या. कधी दुर्बीण घालून ती चिमट्याने ओढून काढावी लागते. काहींच्या अंगावर पित्त उठतं, आणि त्याला मेलेला किडाही पुरतो. आपल्याकडे ‘मासळी बाधली’ म्हटलं की विषय संपतो.

सगळेच किडे असे नसतात. मोठ्या माशांच्या मांसात सापडणाऱ्या काही पांढऱ्या अळ्या मुशी-पाकटांच्या आतड्यात वाढणाऱ्या पट्टकृमींच्या (टेपवर्मच्या) असतात; माणसात त्या वाढत नाहीत. गाभोळीतला लाल दोरा दिसायला किळसवाणा, पण तो माशाचा रोग. हा फरक लोकांना माहीत नाही, म्हणून असला एक व्हिडिओ फिरला की सगळीच मासळी बदनाम होते.

आपल्या कालवणात ॲनिसाकिस जगत नाही. तुकडीच्या आतपर्यंत 63 अंश सेल्सियस उष्णता पोचली की तो संपला. घोर आहे तो कच्च्या मासळीचा. मुंबई-पुण्यात सुशी आता नवलाई राहिलेली नाही, आणि तिथे ‘ताजी’ हा शब्द फुशारकीने वापरतात. नुसत्या बर्फाने ही अळी मरत नाही. लिंबू-व्हिनेगरवरही भरवसा ठेवता येत नाही. युरोपियन संघात कच्ची द्यायची मासळी उणे 20 अंशांवर किमान 24 तास किंवा उणे 35 वर 15 तास गोठवावी लागते. मत्स्यशेतीत वाढवलेल्या काही माशांना तेवढी सूट आहे. अमेरिकेत उणे 20 ला सात दिवस. नेदरलँड्समध्ये 1960 साली हलकं खारवलेलं हेरिंग खाणाऱ्यांत हा आजार ओळखला गेला, आणि पुढे तिथे हेरिंग गोठवणं सक्तीचं झालं.

आणखी एक टोचणारी गोष्ट. युरोपात विकायची मासळी किड्यांसाठी डोळ्यांनी तपासलेली असावी लागते. म्हणजे आपल्याच समुद्रातली वाकटी तिकडे निघाली की तिचं पोट बघायचं, आणि इथल्या पाटीत पडली की कुणी विचारायचं नाही!

2018 च्या जुलैत मासळी टिकवायला फॉर्मॅलिन हे रसायन लावतात यावरून गदारोळ झाला तेव्हा गोवा सरकारने परराज्यातली मासळी पंधरा दिवस बंद केली. त्यात चांगली मासळीही अडकली. किड्यांवरून तसं होण्याची वाट बघू नका.

कच्ची मासळी वाढणाऱ्या हॉटेलात तुमचे निरीक्षक जातील तेव्हा फ्रीजरचं तापमान आणि मासा आत किती वेळ होता याची नोंदवही मागू देत. कागद नाही तर कच्चा मासा नाही, इतकं सरळ. वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. कोणत्या मासळीत, कोणत्या हंगामात कोणता किडा सापडतो, याची पाहणी तिच्याकडून करून घ्या आणि निष्कर्ष मराठीत, फोटोंसह मासळी बाजारात लावा. घाबरवणारा फलक नको. किडा दिसला तर काय करायचं, एवढंच त्यावर असावं.

मासा मेल्यावर पोटातल्या अळ्या मांसात शिरू शकतात, म्हणून पोट लवकर साफ होणं महत्त्वाचं. त्यासाठी बाजारात ओटे, गोडं पाणी आणि घाण टाकायची सोय लागते. ते काम मत्स्यव्यवसाय खात्याचं, असं उत्तर येईल हे ठाऊक आहे. म्हणून याची एक प्रत त्या खात्याच्या मंत्र्यांनाही पाठवते आहे. दोघांनी एकदा एकत्र बसावं.

आपली,
एक मासळीविक्रेती, रत्नागिरी