लायकर्गस : कोणाचा मुलगा, कोणत्या नगरीचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ग्रीक पुराणकथा आणि इतिहास यांवर मराठीत सातत्याने लिहिले जात आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशा लेखनात ‘लायकर्गस’ हे नाव बरेचदा नुसतेच येते आणि वाचक तो स्पार्टाचा कायदेकर्ताच असणार असे धरून चालतो. या नावाच्या व्यक्ती अनेक असल्याने एकाची करणी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या सहाव्या सर्गात ड्रायसचा मुलगा लायकर्गस भेटतो. मद्य आणि नाट्य यांचा देव डायोनायसस याच्या दायांना तो पराणीने मारत डोंगरावरून पिटाळतो, भेदरलेला देव समुद्रात उडी घेतो, सागरदेवता थेटिस त्याला पोटाशी धरते आणि देवांचा राजा झ्यूस लायकर्गसचे डोळे काढून घेतो. लगेच पुढच्या सर्गात वृद्ध नेस्टर जो लायकर्गस सांगतो तो निराळाच. लोखंडी गदा फिरवणाऱ्या अरेइथूसला त्याने अशा अरुंद वाटेवर गाठले की गदा उगारायलाही जागा नव्हती, आणि भाल्याने त्याचा वेध घेतला. पहिल्याची ओळख होमर ‘ड्रायसचा मुलगा’ अशी करून देतो, आणि मला तीच पद्धत अनुकरणीय वाटते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील इ.स. चौथ्या शतकातला ‘लायकर्गस चषक’ अनेकांनी छायाचित्रात पाहिला असेल. समोरून उजेड पडला की हिरवा आणि मागून पडला की लाल दिसणारी ही रोमन काच आहे. तिच्यातील सोन्याचांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे हा रंगबदल होतो. तिच्यावर द्राक्षवेलीच्या विळख्यात सापडलेला जो पुरुष कोरला आहे तो हाच ड्रायसचा मुलगा, देवद्रोही राजा. उत्तरकालीन कथांत तो थ्रेसमधील एडोनियन लोकांचा राजा म्हणून येतो. स्पार्टाशी त्याचा काहीही संबंध नाही.

स्पार्टाच्या कायदेकर्त्याविषयी तर ग्रीक चरित्रकार प्लुटार्क त्याच्या चरित्राच्या आरंभीच बजावतो की, निर्विवाद असे काहीही सांगता येत नाही. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, याला देव म्हणावे की माणूस, असा प्रश्न डेल्फीच्या देववाणीलाही पडला होता. म्हणजे हा लायकर्गस कथा आणि इतिहास यांच्या सीमेवरच उभा आहे. शिवाय ‘स्पार्टाचा’ एवढे विशेषणही पुरत नाही, कारण इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे याच नावाचा एक राजा गादीवर आला आणि इतिहासकार पॉलिबियसच्या म्हणण्याप्रमाणे त्यासाठी त्याने प्रत्येक एफोरला, म्हणजे स्पार्टाच्या निवडून आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, एकेक टॅलेंट (चांदीच्या वजनावर मोजली जाणारी मोठी रक्कम) दिला होता.

अथेन्समध्येही दोघे आहेत. एक अ‍ॅरिस्टोलाइडीझचा मुलगा, इ.स.पू. सहाव्या शतकातील अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्ट्रॅटस याच्या काळातला सपाटीवरील लोकांच्या गटाचा नेता. दुसरा लायकोफ्रॉनचा मुलगा, इ.स.पू. चौथ्या शतकातील वक्ता. इ.स.पू. 338 मधील कायरोनिया येथे मॅसिडोनियाकडून झालेल्या पराभवानंतर सुमारे बारा वर्षे त्याने अथेन्सचा खजिना सांभाळला, डायोनायससचे दगडी नाट्यगृह पूर्णत्वास नेले आणि एस्किलस, सोफोक्लीझ व युरिपिडीझ या शोकांतिकाकारांच्या नाटकांच्या अधिकृत प्रती राज्याच्या दप्तरी ठेवण्याचा कायदा केला. मला हा लायकर्गस सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे नेमका तोच सर्वांत कमी परिचित आहे. एका लायकर्गसने ज्या देवाला पळवून लावले, त्याच देवाचे नाट्यगृह दुसऱ्याने उभारले. नुसते नाव छापले तर हा फरक वाचकाला कळणार कसा?

खुद्द अथेन्सवासी औपचारिक लेखात माणसाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि त्याचा ‘डीम’, म्हणजे ज्या वस्तीत त्याची नागरिक म्हणून नोंद असे ती, अशी तिन्ही नावे कोरत. आपल्या पुरवण्यांतही ग्रीक व्यक्तीच्या पहिल्या उल्लेखासोबत वडिलांचे नाव किंवा नगर, आणि ऐतिहासिक व्यक्ती असल्यास शतक, आवर्जून द्यावे आणि चित्रांखालच्या ओळींतही हा नियम पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक