स्कूटर विजेवर, तूट तिजोरीला

संपादक महोदय,

ई-वाहनांना मोटार वाहन कर माफ, त्यावरच सगळी चर्चा. पण ती माफी एकदाचीच. राज्याच्या तिजोरीला खरा खड्डा पेट्रोल पंपावर पडतो, तोही दरवर्षी. पुण्यात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट, शिवाय लिटरमागे ५.१२ रुपये. दर १०४ धरला तर राज्याला लिटरमागे सुमारे २५ रुपये मिळतात. ४५ चे अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर वर्षाला दहा हजार किलोमीटर धावली, तर २२२ लिटर, म्हणजे साडेपाच हजार रुपये. तेवढ्याच अंतराला वीज लागते साधारण ३०० युनिट. युनिटला दहा रुपये धरूनही राज्याला मिळणारे १६ टक्के विद्युत शुल्क होते जेमतेम ४८० रुपये! ३० लाखांवरील ई-मोटारींचा सहा टक्के कर २०२५ मध्ये जाहीर करून मागे घेतला. निदान तो तरी ठेवायचा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे