रुदाश स्नानगृहाची भेट: चुकीचा वार, चुकीचे माहितीपत्रक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय: बुडापेस्टमधील रुदाश स्नानगृहाच्या भेटीतील सेवात्रुटी व परतावा

महोदय,

मध्य युरोपच्या सहलीत बुडापेस्टच्या रुदाश या गरम झऱ्यांवरच्या, तुर्की राजवटीतल्या स्नानगृहाची भेट तुम्ही वेगळे पैसे घेऊन विकलीत. माहितीपत्रकात लिहिले होते, ‘तुर्की घुमटाखाली सहकुटुंब स्नान’. भेट मात्र बुधवारी ठेवलीत. घुमटाखालच्या तुर्की भागात बुधवार पुरुषांचा असतो, मंगळवार स्त्रियांचा. स्त्री-पुरुषांना दिवसभर एकत्र जाता येते ते शनिवारी आणि रविवारी. त्यामुळे गटातल्या एकाही स्त्रीला तिथे जाता आले नाही. दारावरच्या कर्मचाऱ्यांनी नियम पाळला, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. हा नियम नवाही नाही. हा भाग अनेक दशके फक्त पुरुषांसाठी होता. 2005-06 च्या नूतनीकरणानंतर स्त्रियांना त्यात प्रवेश मिळू लागला. आरक्षण करण्यापूर्वी वारांचे वेळापत्रक एकदा पाहिले असते, तरी हे टळले असते.

पोहण्याचा तलाव आणि वेलनेस विभाग रोज सर्वांना खुला असतो. म्हणजे त्या दिवशी स्त्रियांना फक्त त्या दोन भागांचे तिकीट पुरेसे होते. तुम्ही सर्वांकडून तुर्की भागासह पूर्ण रक्कम घेतलीत.

माहितीपत्रकावरचा फोटो तर रुदाशचा नव्हेच. पिवळी इमारत, उघड्यावरचा मोठा तलाव, पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे लोक, हे सगळे सेचेनी स्नानगृह आहे. ते डॅन्यूब नदीच्या पलीकडे, शहराच्या पेस्ट या भागात आहे आणि 1913 मध्ये सुरू झाले. तिथले पाणी खोल विंधण विहिरींतून काढतात. रुदाश अलीकडच्या काठावर, शहराच्या बुडा या भागात, गेलेर्ट टेकडीच्या पायथ्याशी आहे. बुडाच्या डोंगरांतल्या चुनखडकात आणि डोलोमाइट नावाच्या तशाच खडकात मुरलेले पावसाचे पाणी खोल जाऊन तापते आणि नदीकाठच्या भ्रंशरेषेवरून, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेतून, आपोआप वर येते. त्याच झऱ्यांवर बुडाचा तुर्की सुभेदार सोकोलू मुस्तफा पाशा याच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हा घुमट उभा राहिला. शेजारचा पोहण्याचा तलाव 1896 चा. ‘नैसर्गिक झऱ्याचे पाणी’ हे शब्द रुदाशला लागू पडतात, फोटोतल्या जागेला नाही.

आता प्रवाशांना आधी सांगायला हव्या होत्या अशा गोष्टी. यांतली एकही तुमच्या पत्रकात नाही. पोहण्याच्या तलावात स्विमिंग कॅप सक्तीची आहे.  टॉवेल आणि रबरी स्लीपर सोबत हवेत, ओल्या दगडी फरशीवर पाय घसरतो. सुती टी-शर्ट किंवा सलवार-कमीज घालून पाण्यात उतरता येत नाही. स्विमिंग कॉस्च्यूममध्ये संकोच वाटणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे पुष्कळ असतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख चालेल का, हे स्नानगृहाला आधी लेखी विचारून प्रवाशांना कळवणे हे तुमचे काम होते. केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या दिवशी तुर्की भागात कमरेचे छोटे वस्त्र मिळते, तर स्त्री-पुरुष एकत्र असतात त्या दिवशी कॉस्च्यूम लागतो. हेही कोणी सांगितले नाही.

सर्वांत गंभीर बाब तापमानाची. घुमटाखाली मधले अष्टकोनी कुंड 36 अंश सेल्सिअसचे आहे. कोपऱ्यांतली चार कुंडे 28, 30, 33 आणि 42 अंशांची, आणि थंड कुंड 16 अंशांचे. तुमच्या पत्रकात फक्त ‘कोमट पाणी’ असे आहे. 42 अंशांत रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि माणूस झटकन उभा राहिला की रक्तदाब उतरून भोवळ येते. तिथून थेट 16 अंशांच्या पाण्यात उतरले तर रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठ प्रवाशांना ही दोन्ही कुंडे टाळायला सांगावे लागते. बाकीच्यांनी कमी तापमानापासून सुरुवात करावी, गरम कुंडात थोडाच वेळ बसावे, मध्ये विश्रांती घेऊन पाणी प्यावे. तुमच्या गटांत साठीच्या पुढचेच प्रवासी जास्त असतात, म्हणून ही चूक आम्हाला किरकोळ वाटत नाही.

कार्यक्रमात दीड तास दिला होता. रांग, लॉकर उघडणारा मनगटी पट्टा घेणे, लॉकर शोधणे, कपडे बदलणे, आधीचा शॉवर, शेवटी केस वाळवणे, यातच त्यातला निम्मा वेळ जातो. किमान तीन तास ठेवायला हवेत.

आमच्या मागण्या अशा:

स्त्री प्रवाशांना तुर्की भागाच्या तिकिटाची पूर्ण रक्कम परत करावी. माहितीपत्रकातला फोटो आणि ‘सहकुटुंब’ हा शब्द ताबडतोब काढावा, किंवा भेट शनिवार-रविवारी ठेवावी. वर लिहिलेल्या सूचना प्रवाशांना निघण्यापूर्वी मराठीत लेखी द्याव्यात.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी आहे आणि दिशाभूल करणारी जाहिरातही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पावत्या, माहितीपत्रक आणि कार्यक्रमपत्रिकेच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले,
गटातील सर्व प्रवासी