‘व्हॉयेज’ला मोडीत काढू नका

महोदय,

‘अॅबा’ या स्वीडिश बँडचा २०२१ मधील ‘व्हॉयेज’ हा अल्बम केवळ जुन्या पुण्याईवर तरला, हे मत मला पटत नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत बुरशी धरलेल्या त्यांच्या कॅसेटी, टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुसून ऐकलेल्या माझ्यासारख्याला, १९८१ च्या ‘द व्हिजिटर्स’ या अल्बमनंतर चाळीस वर्षांनी बँडच्या गायिका अॅग्नेथा व फ्रिडा यांचे उतरलेले स्वर लगेच जाणवतात, परंतु ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’ फ्रिडा ज्या संथपणे सुरू करते, ते वजन तरुण गळ्याला पेलले नसते. नाताळचे गाणे गुळचट आहे, असो. ‘जस्ट अ नोशन’ या गाण्यातील गायन तर १९७८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलेच आहे, आणि नेमके तेच मला सर्वांत कमी भावले.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी